सोमवारचा घाणा

आदीच सांगून ठिवतो, मला त्यातलं काही कळत न्हाय. तवाबी कळत नव्हतं आन् आताबी कळत न्हाय. लोकं उगंच म्हणत्यात, लोहाऱ्याच्या लिंबाजीनं बैलाच्या चालीवर वीज काढली. काढली आसंल. पर ती म्या काढली का आपली आपण निघाली, आन् निघाल्यावर पुन्हा कुठं गेली, हे इचाराल तर माझं डोस्कं आजबी गरगरतंय.

म्या लॉरीवाला. निजामाच्या राज्यात लोहाऱ्यात लॉरी व्हती ती माझी एकट्याची. जाताना सोलापूरला करडई आन् तूर न्यायची, येताना कापड, रॉकेल आन् नाक्यावरच्या करोडगिरीवाल्याच्या, म्हंजे जकातवाल्याच्या, शिव्या आणायच्या. मग लढाई लागली. पेट्रोल सगळं फौजेला जायला लागलं. माझी लॉरी बाभळीखाली चार दगडांवर बसली ती बसलीच, आन् तिच्या टपावर कोंबड्या मुक्कामाला आल्या. त्या दिसांत कुणी साधं "काय लिंबाजी" म्हणलं तरी म्या अंगावर जायचो. बायको म्हणायची, गाडी बंद पडली, तोंड तेवढं चालू हाय.

माझ्या भिंतीला लागून नीलम्माक्काचा तेलाचा घाणा. लिंगायताची बाई, माझ्यापेक्षा सात-आठ सालांनी मोठी. नवरा महालिंगप्पा कवाच गेलेला. घरात एक बैल, त्याचं नाव बसव, आन् एक पोरगा, रेवणप्पा. ह्यो रेवणप्पा माझ्या लॉरीवर किन्नर, म्हंजे क्लीनर व्हता. हुशार पोरगं, म्या त्याला चाकावर बसवला. लॉरी बसायच्या वरीसभर आदी सोलापूरला फौजेची भरती निघाली, ड्रायव्हर पायजेत म्हणून. पोरगं म्हणलं, "मामा, जाऊ का?" म्या म्हणलं, "जा की! मर्दाचं काम हाय." आन् तसाच एकटा लॉरी घेऊन परत आलो. अक्काला इचारायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतो खरं, पर म्या इचारलंच न्हाय.

त्या दिसापास्नं अक्का माझ्याशी बोलली न्हाय. दोन सालं! भिंतीला भिंत, पर अबोला. काही सांगायचंच झालं तर बैलाला सांगायची. "बसवा, शेजारच्याला सांग, त्याच्या कोंबड्या माझ्या पेंडीत शिरल्यात." बैल माझ्याकडं बघायचा. म्याबी बैलालाच सांगायचो, "हाकलतो म्हणावं." आसा आमचा कारभार चालला व्हता.

मग माघात एका मंगळवारी रेवणप्पाचं पत्र आलं. फौजेतल्या कारकुनानं उर्दूत लिहिलेलं, आन् पोरगं कुठल्या मुलखात हाय ते कळू नये म्हणून मधी मधी कात्रीनं खिडक्या पाडलेल्या. आमच्या आळीत उर्दू वाचणारा कल्याणप्पा शेट. आडतीचा धंदा, पोट पुढं, माणूस मऊ. त्यानं ओट्यावर बसून वाचून दाखवलं. आम्हा ड्रायव्हर लोकांचे आवाज मशिनीत भरून घेतल्यात, येत्या सोमवारी संध्याकाळी पाचाला दिल्लीच्या रेडिओवर लागतील, अव्वा, तू कल्याणप्पा शेटकडं जाऊन माझा आवाज ऐक.

अक्का कागद पदरात धरून बसली. मग शेटला म्हणली, "एक सांगू का आप्पा? पोराचं तोंड आठवतंय. आवाज आठवत न्हाय. घाण्याच्या करकरीत किती दिस कान लावते, पर येतच न्हाय."

म्या भिंतीआड उभा व्हतो. ते ऐकलं आन् मला माझीच लाज वाटली.

आता रेडिओ गावात एकच, कल्याणप्पाचा. त्याला लॉरीचीच बॅटरी लागायची, सहा व्होल्टची. उतरली की म्या सोलापूरला न्यायचो आन् भरून आणायचो. लॉरी बसली तसा रेडिओबी बसला. शेटच्या बायकोनं त्याच्यावर विणलेलं झाकण घातलं आन् वर पितळी नंदी ठिवला. बैलगाडीनं बॅटरी न्यावी तर जायला दोन दिस, यायला दोन दिस, आन् सोलापूरच्या दुकानात फौजेच्या बॅटऱ्यांची रांग. कल्याणप्पानं हात वर केले. "न्हाय जमत अक्का. शिवाची इच्छा."

माझं तोंड, काय सांगू, माझ्या आदी पळतं. म्या भिंतीवरनंच वरडलो, "शिवाची इच्छा कशाला मधी आणता? लॉरी चालली की बॅटरी भरती. लॉरी काय करती? डायनॅमो फिरवती! मग त्याला लॉरीच कशाला पायजे? बैल फिरवंल की!"

दोघंबी माझ्याकडं बघाया लागले. बोलून तर गेलो, आन् मग घाम फुटला. अक्कानं बैलाच्या पाठीवर हात ठिवला. "बसवा, त्याला इचार, खरं बोलतोय का नेहमीसारखं?"

"खरं बोलतोय म्हणावं," म्या बैलाला म्हणलं.

बुधवारी लॉरीचा डायनॅमो काढला. त्याच्या डोक्यावर एक काळी पत्र्याची डबी व्हती, एक तार आत, एक भाईर. इतकी सालं लॉरी हाकली, पर ती डबी काय करती म्या कवा इचारलं न्हाय. काढताना तिचा गंजका कान तुटला. म्या म्हणलं, जाऊ दे! वीज डायनॅमोतनं निघती आन् बॅटरीत जाती. मधी दलाल कशाला? डबी दिली फेकून कोंबड्यांत आन् तार थेट बॅटरीला जोडली. शाणा ना म्या!

खरी पंचाईत पुढंच व्हती. घाण्याचं कसं आसतंय, मधी उखळ, उखळीत उभी लाट, लाटेला बांधलेलं एक लांब आडवं लाकूड, आन् त्याच्या टोकाला बैल. बैल मिंटाला दोन-तीन फेरे मारतो. डायनॅमोला मिंटाला हजारावर फेरे लागत्यात. पहिल्या दिशी म्या नुसता दोर गुंडाळून बघितला, तर डायनॅमो जांभई दिल्यावाणी एकदा हलला आन् थांबला. कल्याणप्पा हसला. म्या त्याला म्हणलं, "हसताय काय? तुमची सायकल आणा." त्याचं हसू तिथंच थांबलं.

गुरवारी-शुक्रवारी ठोकठोक केली. आडव्या लाकडाच्या टोकाला जुन्या गाडीचं चाक अडकवलं, म्हंजे बैल चालला की ते वाटंवर लोळत जाणार. त्या चाकावरनं चामड्याचा पट्टा शेटच्या सायकलच्या चाकाला, तिथनं दुसरा पट्टा डायनॅमोला. मोठ्यानं बारक्याला पळवायचं, त्यानं आणिक बारक्याला पळवायचं. घाण्याच्या फळीवर वजनाला दगड ठिवत्यात, ते काढले आन् त्यांच्या जागी डायनॅमो आन् बॅटरी बसवली. तीबी बैलाच्या मागं मागं फिरणार. अक्का लांबनं बघायची. एकदाच बोलली, "बसवा, त्याला सांग, पट्टा सैल हाय." आन् सैलच व्हता!

शनिवारी सकाळी बैल जुंपला. बॅटरीच्या तारेला लॉरीच्या दिव्याचा बल्ब लावला व्हता. बसव आपल्या चालीनं निघाला. पहिल्या फेऱ्याला काही न्हाय. दुसऱ्याला पट्टा निसटला. तो पुन्हा चढवला, आन् चौथ्या-पाचव्या फेऱ्याला बल्बातली तार लाल झाली, मग पिवळी, मग भर उन्हात डोळ्याला लागंल आशी पांढरी. आरारारा! म्या अक्षरशः नाचलो. कल्याणप्पाचा हात धरून म्हणलं, "बघा शेट! बैल कडबा खातो. कडब्याचं बळ पायात, पायाचं चाकात, चाकाचं तारंत, तारंचं बॅटरीत. आन् सोमवारी बॅटरीचा रेडिओ, आन् रेडिओचा रेवणप्पा! म्हंजे कडब्याचा आवाज झाला की न्हाय?"

"लिंबाजी," शेट म्हणला, "तुला ऊन लागलंय."

संध्याकाळी बैल सोडला. अक्काची शिस्त, काम संपलं की चामडं ताणून ठिवायचं न्हाय, म्हणून पट्टेबी उतरवले. आन् बघतो तर काय! डायनॅमो थांबतच न्हाय. बैल गव्हाणीत, पट्टे खुंटीवर, आन् डायनॅमो आपला घुंऽऽ करत फिरतोय. माझी छाती आशी फुगली, काय सांगू. म्या म्हणलं, "बघा, दिसभराचा जोर मुरलाय त्यात. आता फिरत राहतंय सावकाश." अक्कानं इभूत आणून डायनॅमोला तीन बोटं वढली. "बसवा, शेजारच्याला सांग, चांगलं जमलं." दोन सालांत पहिल्यांदा माझ्याबद्दल चांगला शबूद निघाला. म्या घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी डायनॅमो गप. हात लावला तर गरम. बल्ब लावला तर बॅटरीत काहीच न्हाय. मिट्ट अंधार!

आता माझी आक्कल चालंना. दिसभर भरली ती कुठं गेली? सांडली म्हणावं तर जमीन कोरडी. मग सुचलं, कोरं मडकं पहिलं पाणी आपणच पितं, तशी बॅटरी वरीसभर उपाशी, पहिलं तिनंच खाल्लं आसंल. शेटलाबी पटलं. रविवारी बसवाला उजाडल्यापास्नं दिवस मावळंस्तोवर चालवला, मधी पाण्याला तेवढा सोडला. संध्याकाळी पट्टे उतरवले, तर डायनॅमो पुन्हा आपला आपण फिरतोय, कालच्यापेक्षा जोरात. मला खटकलं. पर इभूत लावून झाली व्हती, अक्काच्या तोंडावर हसू व्हतं. म्या गप बसलो. तिथंच चुकलो.

सोमवारी सकाळी पुन्हा तेच. गरम डायनॅमो, मेलेली बॅटरी.

मग म्या काय काय केलं ते सांगायलाबी लाज वाटती. बॅटरीला लाथ घातली, अंगठा सुजला. कल्याणप्पाला म्हणलं, "तुमीच येऊन चोरून रेडिओ लावला आसंल!" शेट बिचारा कानावर हात ठिवून म्हणला, "आरं, रेडिओ माझ्या घरात, बॅटरी इथं. काय कानानं वढून नेऊ?" ते खरं व्हतं, म्हणून मला आणिक राग आला. शेवटी म्हणलं, इचार मागनं करू, पाचाला आठ-नऊ तास हायत. "अक्का, जुंपा बैल! दिसभर भरू, पाचाला थेट रेडिओला लावू."

अक्का बैलापुढं उभी राहिली. बसवाला धुतलेला, कपाळाला इभूत, गळ्यात झेंडूची माळ. माझ्या ध्यानातच नव्हतं! लिंगायताच्या घरात सोमवारी बैलाच्या मानंवर जू पडत न्हाय. बसवण्णाचा दिवस.

"बसवा, त्याला सांग, आज न्हाय."

माझं डोस्कं फिरलं. "आवं, आवाज ऐकायचाय का न्हाय तुमाला? पुन्हा लागतोय व्हय त्यो? आजचा एक दिस चालवा, उद्या बैलाच्या पाया पडा!"

अक्काचे डोळे भरले, पर पाय हलला न्हाय. बैलाच्या तोंडावरनं हात फिरवत म्हणली, "मालक गेले तवाबी सोमवार मोडला न्हाय म्या. आता माझ्या पोरासाठी ह्याची मान घेऊ व्हय? ह्योबी पोरच हाय माझं. दोन दिस मुकाट चाललाय."

आन् मग तिनं काय करावं? पदर खोचला, बैलाच्या जागी गेली, दोर खांद्यावर घेतला आन् आडव्या लाकडाला वढ दिली. उखळ रिकामी व्हती, तरी ते धूड लाकूड आन् वर माझं सगळं लचांड. करकर करत हाललं. पन्नाशीला आलेली बाई, बैलाच्या वाटंवरनं चालाया लागली.

म्या किती येळ बघत राहणार? मागनं लाकूड ढकलाया लागलो. दुपारी जेवण करून कल्याणप्पा आला, त्यानं कोट काढून खुंटीला लावला, टोपी नीट केली आन् त्योबी लागला. तिघं जण गोल गोल. बसव गव्हाणीपाशी बसून रवंथ करत आमच्याकडं बघत व्हता. म्या त्याला म्हणलं, "बघ लेका, मजा हाय तुझी!"

तीनाच्या सुमाराला दम लागला म्हणून थांबलो. बल्ब चालताना झक्क व्हता. आमी थांबलो तसा डायनॅमो मात्र थांबंना, पट्ट्याखाली घसरत, घुं घुं करत फिरायची धडपड करत व्हता, आन् बल्ब बघता बघता लाल पडत चालला. म्या तोंड वासून बघतोय. आमी थांबलो तर ह्याला फिरवतंय कोण?

अक्का फळीपाशी वाकली. एकदा बल्बाकडं बघितलं, एकदा डायनॅमोकडं. तेलाची बाई ती, जलमभर घाणा बघितलेली.

"बसवा," ती एकदम वरडली, "त्याला सांग, पेंड पितीया! पेंड पितीया!"

"काय?"

"आरं, घाणा थांबला की पेंड तेल परत पिती. म्हणून बैल थांबायच्या आदी तेल काढून घ्यावं लागतं. न्हाय तर दिसभर गाळलेलं तेल पेंडीत जातं. तसंच हाय हे! बॅटरीतलं ह्योच पितोय!"

म्या तार वढून काढली. डायनॅमो गप्पकन थांबला. बल्ब पुन्हा पिवळा झाला आन् पिवळाच राहिला.

देवा! म्हंजे फिरवलं की ह्यो वीज देतो, आन् वीज दिली की ह्यो फिरतो? एकच डबडं, दोन्हीकडनं? दोन दिस आमी ज्याला जोर मुरलाय म्हणून इभूत लावली, त्यो आमचीच कमाई पीत बसला व्हता! आन् ती काळी डबी आठवली. ती दलाल नव्हती, ती राखणदार व्हती. लॉरी थांबली की ती तार तोडत आसणार. म्या बाभळीखाली धावलो, डबी सापडली, पर कोंबड्यांनी तिचं पार मातेरं केलं व्हतं. आसू दे. म्या म्हणलं, आता मीच डबी. तारंवर हात ठिवून फळीबरुबर चाललो. वेग आला की तार जोडायची, थांबायच्या आदी तोडायची.

पावणेपाचाला शेटनं रेडिओ आणून फळीवर बसवला, पितळी नंदी काढून. एरियलची तार एका वेळूला बांधली आन् वेळू हातात धरून सोता उभा राहिला. पाचाला आमी थांबलो, तार तोडली, बटण फिरवलं. खरखर झाली आन् मग एक माणूस उर्दूत बोलाया लागला. दिल्ली! अक्का फळीपाशी दोन्ही हात जोडून उभी राहिली.

एकेक नाव यायला लागलं. कुणी पंजाबचा, कुणी मद्रासचा, कुणी साताऱ्याचा. पोरं घाबरत बोलायची, सगळ्यांचं तेच, मी खुशाल हाय, काळजी करू नका. सात झाले, आठ झाले. रेवणप्पाचं नाव येईना. आन् आवाज बारीक पडत चालला. नववा पोरगा तर जणू विहिरीतनं बोलत व्हता. दुपारभराची कमाई, पुरून पुरून किती पुरणार?

अक्कानं कुणाला इचारलं न्हाय. पुढं झाली, दोर खांद्यावर घेतला आन् वढ दिली. म्याबी ढकलाया लागलो. वेग आला तशी तार जोडली, आवाज मोठा झाला, पर डायनॅमोची घरघर रेडिओत शिरली आन् घाण्याची करकर भाईर. फळीवर रेडिओ फिरतोय, मागं शेट वेळू उंच धरून पळतोय, आन् जिच्यासाठी हे सगळं, ती पुढं मान खाली घालून वढतीया. तिला काय ऐकू येणार? थांबलं तर रेडिओ मरतो, न थांबलं तर कळत न्हाय. इतक्यात शेट किंचाळला, "लोहारा म्हणला! लोहारा, जिल्हा उस्मानाबाद! रेवणप्पा वल्द महालिंगप्पा!"

म्या तार तोडली. घरघर गेली. "अक्का, थांबा!" तिला ऐकूच गेलं न्हाय. डोळे मिटून ती आपली वढतीया, थांबलो तर पोरगं जाईल हेच तिच्या डोस्क्यात. म्या पुढं धावलो आन् लाकडाला छातीनं आडवा झालो. बरगडीत कळ गेली. घाणा थांबला.

आन् त्या शांततेत आवाज आला. आदी दोन वाक्यं उर्दूत, पाठ केलेली. मग आपल्या बोलीत.

"अव्वा, आज सोमवार हाय. बसव निवांत बसला आसंल. अव्वा, तूबी बस. बैलाला एक दिस देतीस, सोताला कवा देत न्हाईस. आजच्या दिवस माझ्यासाठी घाण्याला हात लावू नको. बस जरा."

मग आवाज बारीक झाला, आणिक बारीक झाला आन् गेला. बॅटरी संपली.

अक्काच्या खांद्यावर दोर तसाच. चोळी घामानं भिजलेली, दोराखाली खांदा सोलून निघालेला. ती तिथंच, बैलाच्या वाटंवर, धुळीत बसली. पोरानं सांगितलं म्हणून बसली. कल्याणप्पा वेळू टाकून तोंड फिरवून उभा राहिला. तिचा ल्योक म्या फौजेत धाडला, आन् त्याचा आवाज आणायला तिलाच बैल केलं. बरं केलं का वाईट केलं?

मग ती बोलली. बैलाला न्हाय. माझ्याकडं बघून.

"लिंबाजी, आवाज इतका बारीक का रं त्याचा? त्याचा आसा नव्हता."

"बॅटरी उतरली व्हती अक्का."

"का पोरगं आजारी हाय? खातपीत न्हाय?"

"न्हाय न्हाय. बॅटरीच."

म्हणलो खरं. पर मला तरी कुठं ठाऊक व्हतं? बॅटरी उतरलीच व्हती. पर पोरगं बरं हाय का, हे त्या डबड्यातनं कसं कळावं? तिथनं पुढं अक्का माझ्याशी बोलायची, पर दर सोमवारी एकच सवाल. "लिंबाजी, खरं सांग, बॅटरीच व्हती ना?" म्या म्हणायचो, व्हय. दोन सालं म्या ते म्हणत राहिलो आन् दोन सालं मला त्याची खातरी नव्हती. रात्रंदिस तोच भुंगा. पत्रं यायची, पर पत्रात आवाज कुठं आसतो?

सेहेचाळीस साली, लढाई सरल्यावर, रेवणप्पा आला. पाठीवर बोचकं, अंगावर फौजेचा कोट. अंगणात पाय ठिवला तसा आईच्या पाया पडाया वाकला, तर अक्कानं त्याला वाकूच दिलं न्हाय. दोन्ही दंड धरून माझ्यापुढं आणून उभा केला.

"बोल," ती म्हणली.

"काय बोलू अव्वा?"

जाडजूड आवाज, माझ्या लॉरीच्या भोंग्यावाणी. गव्हाणीतल्या बसवानंसुदिक मान वर केली. अक्का डोळे मिटून ऐकत उभी व्हती. मग माझ्याकडं वळली, आन् हसता हसता तिचं तोंड रडवेलं झालं.

"बॅटरीच व्हती रं, लिंबाजी," ती म्हणली.

"म्या म्हणत व्हतो की!" म्या म्हणलं, आन् कोंबड्या हाकलायच्या निमतानं बाभळीखाली गेलो, कारण मला रडू आवरंना.